आईने बोलावलेले गृहस्थ

२४ नोव्हेंबर, रविवार

"पुढच्या रविवारी एक गृहस्थ येतील. नीट बोल." भाकरी थापता थापता आई म्हणाली. गृहस्थ! बासष्टाव्या वर्षी आई मला माणूस दाखवणार, आणि तो माझ्यासाठी नाही, स्वतःसाठी! बाबा जाऊन अकरा वर्षं झाली. गृहस्थांचं नाव कोंडीराम तांबे. शिवडीला राहतात, बंदरात क्रेन चालवायचे. विधुर. बँकेत पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्याच्या रांगेत भेटले. यंत्र त्यांचा अंगठा ओळखेना, तेव्हा आईने पिशवीतली व्हॅसलिनची डबी पुढे केली. अंगठा उमटला. ओळख झाली!

विधवांच्या पुनर्विवाहावर मी निदान चाळीस व्यासपीठांवरून बोलले असेन. शब्द कधी अडला नाही. आज "बरं" म्हणताना अडला.

२७ नोव्हेंबर

खोली आईच्या नावावर. चाळ पाडून टॉवर व्हायचाय. परळमध्ये आज एकटी बाई कुणाला दिसत नाही, खोलीसकट दिसते! सरळ विचारणार.

१ डिसेंबर, रविवार

बरोबर पाचला आले. शर्ट इतका नवा की घडीच्या रेघा तशाच. चपला काढायच्या आधीच, दारात उभं राहून — "जय भीम. मी कोंडीराम धोंडू तांबे." हातात मिठाई नाही. माझ्या भाषणांची जुनी पुस्तिका, पानोपानी पेन्सिलीच्या खुणा! एवढी तयारी कोण करतं? निवडणुकीचा उमेदवार. नाहीतर ठग.

आई चहा टाकायला उठली तर म्हणाले, "ताईंना बिनसाखरेचा ना?" म्हणजे आईने सगळं पुरवलंय.

मी विचारलं, "स्वयंपाकाला बाई हवी आहे का तुम्हाला?"

"भात येतो, कालवण येतं. भाकरी मात्र नकाशासारखी होते."

आई खळखळून हसली. मी नाही.

"ही खोली कुणाच्या नावावर आहे, माहीत आहे?"

"अगं बाय, कोर्टात उभी आहेस का!" आई.

"विचारू दे तिला," ते म्हणाले. "मुलीने विचारायलाच हवं."

एकही उत्तर चुकलं नाही. असे वक्ते मी पाहिलेत — पाठ करून आलेले.

६ डिसेंबर

दिवसभर शिवाजी पार्कात, पुस्तकांच्या स्टॉलवर. आवाज बसला. संशय नाही बसला.

८ डिसेंबर, रविवार

आईला दादरला मीटिंग सांगितली आणि शिवडी गाठली. तांब्यांच्या शेजारच्या कांताबाई दारात मेथी निवडत होत्या. "तुम्ही कोण?" आणि मी — भाषणांत पोरांना सांगते, पूर्ण नाव सांगा, आडनाव लपवू नका, मान वर करून सांगा — मी म्हणाले, "पतसंस्थेतून आलेय, तांब्यांच्या चौकशीला. देसाई."

"तात्यांना कर्ज कशाला लागतंय? दारू नाय, पत्ते नाय. आता लगीन करतायत म्हणे! ह्या वयात!" पदर तोंडाला लावून हसल्या.

तेवढ्यात तेच जिना चढून आले. पिशवीत बांगडे.

"तात्या, ह्या देसाईबाई. पतसंस्थेच्या!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पापणी लवली नाही. "बसा देसाईबाई. चहा बिनसाखरेचा करतो."

किती सफाईने खोटं बोलला हा माणूस! बसले नाही. तडक निघाले.

९ डिसेंबर

आईच्या बोलण्यावरून कळलं, त्यांनी तिच्याजवळ अवाक्षरही काढलं नव्हतं. हेही लपवलं! मग मीच सगळं सांगितलं. पुरावा म्हणूनच सांगितलं. "शेजारणीच्या तोंडावर खोटं बोलले, आई! सराईत आहेत."

आईने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"देसाई?" ती म्हणाली.

एवढंच. मग पुन्हा घासायला लागली.

१३ डिसेंबर

आई बोलते. जेवायला ये, दूध उतू जाईल, किल्ली घे. बाकी नाही.

२२ डिसेंबर, रविवार

विहारात लग्न लागलं. वीस माणसं. मी साक्षीदार म्हणून सही केली. दोन शब्द बोल, असं मला कुणी म्हटलं नाही.

आई शिवडीला राहायला गेली. टॅक्सीत बसताना माझा हात धरून म्हणाली, "त्यांना तू पसंत पडलीस हो, बाय. मला नाही पडलीस."