टेबलाखालचा पूल

३ फेब्रुवारी

पोचलं! ताईच्या स्वयंपाकघरात टेबल उभं राहिलं. नदीवरच्या जुन्या लाकडी पुलाला आहेत तसेच तिरके आधार मी टेबलाखाली हुबेहूब घडवलेत — एकही खिळा नाही, सगळे सांधे खाचेत बसवलेले. ताई हात फिरवत राहिली. "यावर जेवायचं, की नुसतं बघत बसायचं रे?" मूठभर मांस चढलं अंगावर. पुढच्या महिन्यात हेच फर्निचरच्या प्रदर्शनात न्यायचं.

९ फेब्रुवारी

मेलो शरमेनं.

न सांगता गेलो, सगळी जेवत होती. भाऊजी टेबलाला खांदा लावून आडवे बसलेले, ताट मांडीवर. चाकाची खुर्ची आत जातच नाही — गुडघे माझ्या पुलाला अडतात! मला बघून त्यांनी घाईनं ताट वर ठेवलं. "असं बसलं की पाठीला बरं वाटतं." ताईच्या सासूबाई मात्र स्पष्ट बोलल्या, "पहिल्या दिवसापासून असंच चाललंय. तुला सांगायचं नाही म्हणे."

अपघातानंतर भाऊजींनी एकच गोष्ट मागितली होती — सगळ्यांच्या बरोबरीनं बसून जेवायचंय. त्यासाठीच तर टेबल केलं! पुलाची मापं घ्यायला होडीतून गेलो. त्यांच्या खुर्चीला टेप एकदाही लावली नाही. गाढव आहे मी.

१० फेब्रुवारी

मधले दोन आधार कापले की काम होतं. पण मग पूल कसला राहतो? नुसतं टेबल. करवत पिशवीत टाकली. काढली. परत टाकली.

११ फेब्रुवारी

करवत बघून भाऊजी हसले. "प्रदर्शन होऊ दे, मग काप. मी कुठं पळून चाललोय?" आणि मी — "बरं" म्हणालो! लगेच! नको-नको म्हणायचं नाटकसुद्धा केलं नाही. जनाची नाही, मनाची तरी! ताई पाठमोरी कप विसळत होती. एकच कप, कितीतरी वेळ.

२ मार्च

टेबल नेलं. ताई दारापर्यंत आली नाही.

१४ मार्च

पहिलं बक्षीस. परीक्षक बाई माइकवर म्हणाल्या, "यात आधी माणसाचा विचार दिसतो." टाळ्या! मी हसलो. फोटोतही हसतोय. कुणी मुस्काटात मारली असती तर बरं वाटलं असतं.

१५ मार्च

ताईला फोन केला. म्हटलं, आधार कापतो आणि उद्याच आणून देतो.

"नको रे." आवाज अगदी मऊ. "माळ्यावरचं जुनं घडीचं टेबल काढलंय. खुर्ची सरळ आत जाते. तुझं इथं होतं तोवर ह्यांनी ते जुनं काढूच दिलं नाही — तुला वाईट वाटेल म्हणून. काल हे पोटभर जेवले. तुझं टेबल आता परत आणू नकोस."