खुब्यातलं ते 'कट्'

रायपूर, शुक्रवार, संध्याकाळ

खुब्यात 'कट्' वाजलं. खरंच वाजलं, की मले भास झाला?

ब्राह्मणपाऱ्यात आत्येसासूबाईंकडे हळदीकुंकू होतं. नवा खुबा बसवल्यापासून मले खाली बसता येत नाही, म्हणून त्यांनी खुर्ची दिली. ऐंशीच्या आत्येसासूबाई खाली सतरंजीवर अन् मी वर, राणीसारखी! मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुंकू लावायला त्या उठून जवळ आल्या, तर माझा हात सवयीनं त्यांच्या पायांकडे गेला. डॉक्टरनं वाकायला साफ मनाई केली आहे.

"अगं, काहून वाकून राहिली?" त्या ओरडल्या. तोवर ते 'कट्' होऊन गेलं होतं.

रिक्षानं घरी आले अन् पलंगावर टेकले. दुखत तर नाही. मग मांडी अशी जड काहून वाटून राहिली? सांधा निसटला असेल तर? पुन्हा ते ऑपरेशन? मुलगा शहराबाहेरच्या नव्या राजधानीतल्या ऑफिसातून अजून यायचा आहे.

आत्ता सुनेनं दारातून विचारलं, "मम्मी, खाना लगा दूँ?"

"भूक नाही," म्हटलं.

भूक तर लागली आहे. पण उठले अन् पुन्हा तसंच वाजलं तर?