पेटी खिडकीत, छाती लेथवर

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (खरंच वाकलो होतो. उठायला वेळ लागला म्हणून पत्राला उशीर.) तुझी दाढ काढली की अजून तिच्याशी बोलणीच चालू आहेत? भावोजी कानातलं यंत्र लावतात की डबीतच ठेवतात? ठेवोत. तुझ्याबरोबर इतकी वर्षं काढलेल्या माणसाला तेवढी सवलत हवीच. आम्ही सगळे इथे मजेत.

ट्रकचे ब्रेक ड्रम लेथवर घासून गुळगुळीत करायचा माझा धंदा तुला माहीत आहे, आणि त्या धुळीवरून तुझ्या भावजयीची रोजची कटकटही. तर विद्यापीठातून एक संशोधक बाई आल्या. त्यांचं म्हणणं, हवेतली धूळ म्हणजे काही एकच वस्तू नव्हे. तिच्यात काजळी असते, तांबं असतं, लोखंड असतं, आणखी पाच-पंचवीस भानगडी असतात. यातली नेमकी कोणती हृदयाच्या ठोक्यांत लुडबुड करते, ते त्यांना शोधायचंय. त्यासाठी सात दिवस छातीला वायरी चिकटवायच्या आणि खांद्याला एक पेटी अडकवायची. पेटीतला पंप आपल्या नाकाजवळची हवा ओढतो आणि धूळ आतल्या पांढऱ्या कागदावर बसते. मी लगेच हो म्हटलं. (विज्ञानासाठी नव्हे. धूळ निर्दोष ठरली की घरातली कटकट लेखी पुराव्यानिशी बंद, एवढाच विचार.)

पहिल्या संध्याकाळी बाईंनी कागद बाहेर काढला तो तव्याच्या बुडासारखा काळा. मला ते फार लागलं. चाळीस वर्षं मी वर्कशॉप रोज स्वतः झाडतो! दुसऱ्या दिवसापासून पेटी मागच्या खिडकीत टांगली. पलीकडे रोपं विकणाऱ्याची बाग आहे, तिथली हवा स्वच्छ. कागद दुधासारखा पांढरा येऊ लागला. माझी छाती अभिमानाने फुगली. मात्र ती छाती वायरींसकट दिवसभर लेथवरच वाकलेली आहे, हे काही डोक्यात आलं नाही.

आठव्या दिवशी बाई हरखून आल्या. हवा निर्मळ, आणि ठोके मात्र रोज अकराच्या सुमाराला अडखळतात! त्यांनी तडक बाग गाठली. मातीचे, खताचे, गुलाबांचे नमुने नेले. बागवाल्याने धसका घेतला. आता तो गुलाबांना पाणी घालतानाही तोंडाला फडकं बांधतो आणि गिऱ्हाइकाला हृदयाची चौकशी केल्याशिवाय कुंडी देत नाही. निम्मं गिऱ्हाईक पळालं. शेवटी मला राहवेना, सगळं कबूल केलं.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. आलेखावर बोट ठेवून म्हणाल्या, "काका, अकरा वाजता तुम्ही करता तरी काय?" अकरा वाजता मी हवेच्या नळीने ड्रम फुंकून साफ करतो. मग धूळच दोषी ना, असं विचारलं तर म्हणाल्या, एका माणसावरून काहीच ठरत नाही, त्याला शेकडो माणसं लागतात. आणि माझा आठवडा तर टाकूनच द्यावा लागणार. म्हणजे बघ, धूळ अजून निर्दोषच. आलेख मात्र त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांना दाखवला. डॉक्टर उद्योगी निघाले, एवढंच. बाकी विशेष काही नाही.

तुझा धाकटा

ता. क. आलेख उत्तम आला असं तुझ्या भावजयीला सांगितलंय. तूही तेच धरून चाल.

दुसरा ता. क. गुरुवारी सकाळी नऊला मनगटातून बारीक नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्या बघणार आहेत. सहीला घरचं माणूस हवं म्हणतात. बुधवारी येशील का? सहज आले असं सांग. ताई, मला भीती वाटते.

तिसरा ता. क. वन्सं, हे मी लिहितेय. पाकीट चिकटवायला त्यांनी माझ्याकडेच दिलं. गेले तीन महिने जिन्यात दोनदा थांबतात आणि चपलेत खडा गेला म्हणतात. मीही त्यांच्याबरोबर खडा शोधते. बुधवारी नक्की या, तुमची खोली आवरलीय. सही मीच करणार आहे. तुम्ही फक्त ही बातमी मला त्यांच्यासमोर पहिल्यांदा सांगा. दचकायची तयारी मी करून ठेवलीय.