सवलतीच्या भाड्याचा फॉर्म

बाबा, आधी जे झालं ते क्रमाने लिहिते.

१. २००२च्या हिवाळ्यात तुम्ही गेलात, तेव्हा आपण अमेरिकेत नोव्हायजवळ सवलतीच्या अपार्टमेंटमध्ये राहत होतो. भाडं घरातल्या कमाईवर ठरायचं.

२. कमाई थांबली तर दहा दिवसांत ऑफिसला फॉर्म द्यायचा. मग भाडं उतरायचं.

३. चौथ्या दिवशी आईने मला फॉर्म भरायला सांगितलं. सहाव्या दिवशी विचारलं. मी म्हटलं, टाकला. टाकला नव्हता.

४. भाडं पूर्णच लागत राहिलं आणि थकत गेलं. चौथ्या महिन्यात घर रिकामं करायची नोटीस दारावर चिकटवलेली होती.

फॉर्म एका पानाचा होता. मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होते, पाच मिनिटांचं काम. कमाईचे रकाने भरले. खाली ‘घरातून कमी करायची व्यक्ती’ होतं आणि पुढे कारणांच्या चौकटी: दुसरीकडे राहायला गेली, लग्न झालं, मयत. मी तुमचं नाव लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. चौकटीत खूण करवली नाही. दुसरं काही कारण नव्हतं.

नोटिशीनंतर, भाडं तुम्ही गेलात त्या महिन्यापासून कमी धरावं, असा अर्ज केला. त्यासोबतच्या नव्या फॉर्मवर ती खूण आईने केली. मी फक्त बोट ठेवून जागा दाखवली. उशिराचं सबळ कारण हवं होतं. मी लिहिलं, आमच्याकडे सुतकात तेरा दिवस कागदाला हात लावत नाहीत; तोवर मुदत संपली, म्हणून फॉर्म दिलाच नाही. आईने तर दुसऱ्याच दिवशी बँकेच्या कागदांवर सह्या केल्या होत्या. मी काय लिहिलंय ते तिला सांगितलं नव्हतं.

ऑफिसातल्या बाईंनी अर्ज वाचला आणि थेट आईला विचारलं, तेरा दिवस कागदाला हात लावायचा नाही, हे कोणी सांगितलं? मी भाषांतर करायच्या आत आई माझ्याकडे न बघता म्हणाली, “आय टोल्ड हर. डोंट टच पेपर.” बाईंनी मान हलवली, काहीतरी लिहून घेतलं. दोन आठवड्यांनी मंजुरी आली. घर राहिलं.

त्या दिवशी परतताना गाडी मी चालवत होते. आई म्हणाली, “एवढं कडक सुतक तुझ्या आजीनेही पाळलं नसतं.”

आता गोष्ट तिच्याच नावावर आहे. गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेले होते, तेव्हा तिथल्या मराठी मंडळाच्या जेवणात एक काकू सगळ्यांसमोर तिला म्हणाल्या, “अमेरिकेत येऊन सुतक पाळलंत, घर जायची वेळ आली.” आई हसली आणि कोशिंबीर वाढत राहिली. मी तिथेच ताट घेऊन उभी होते. सहा वर्षांत एकदाही मी चूक माझी होती असं म्हटलेलं नाही. मी आळस केला असं तिला वाटत असेल. तसं वाटू देणं मला सोपं गेलं.

येत्या रविवारी ती माझ्या नोकरीच्या गावी, फ्रिस्कोला, माझ्याकडे कायमची राहायला येते आहे. हे पत्र कुठे टाकता येत नाही, मला माहीत आहे. तरी, तिला खरं कारण सांगू का, ते शनिवारपर्यंत कळवा.