केंजीचा आवाज

पनवेल, १९९४

नोमानच्या अब्बांना सलाम,

तलाकनंतर तुम्ही अडीच वर्षांच्या नोमानला माझ्यापासून तोडलंत, त्याला तीन वर्षं झाली. दर रविवारी टीव्हीवर तो जे जपानी कार्टून बघतो, त्यातल्या केंजी नावाच्या पोराला हिंदीत आवाज मी देते.

मंगळवारी मी तळोज्याला त्याच्या शाळेच्या फाटकापाशी उभी राहिले. त्यानं मला ओळखलंच नाही. मग मी केंजीच्या आवाजात हाक मारली, तसा तो धावत येऊन माझ्या हाताला लटकला.

"आणखी बोला ना! तुम्ही कोण?"

अम्मी म्हणून सांगितलं तर हात सोडेल, अशी भीती वाटली.

"केंजी," मी म्हणाले.

हे पत्र टाकणार नाही. वाचलंत तर त्याचा टीव्हीही बंद कराल.

खुदा हाफिज,
रेहाना