हलवलेली गावं

४ जानेवारी, नांदेड
सेमिनारचा विषय ठरला — चीनमधला निंगशिया. भूगोल आणि वस्तीचा इतिहास. सर म्हणाले, "जिक्रा, एवढ्या लांब कशाला जातीस?" मी म्हटलं, तिथं मुसलमान आहेत सर, हुई म्हणतात त्यांना. खोलीवर वर्षाराणीला खरंच वाटेना. "चिनी मुसलमान? काही पण!"

१३ जानेवारी
दिवसभर लायब्ररी. उत्तरेला पीत नदी, जुने कालवे, हिरवी शेतं. दक्षिणेला पिवळ्या मातीचे उघडे डोंगर, पाण्याचा थेंब नाही. दीडशे वर्षांपूर्वी बादशहाच्या फौजेनं हुईंचं बंड मोडलं आणि उरलेल्या कित्येक हुईंना त्या डोंगरांत नेऊन बसवलं. आता सरकार म्हणतं — इथं माणूस जगू शकत नाही, खाली चला! नदीचं पाणी उपसून नव्या वसाहती केल्या. लाखो माणसं हलवली. नकाशावर बोटभर अंतर.

संध्याकाळी अब्बांचा फोन. साठवण तलावाची नोटीस आली. आमचं गाव पाण्याखाली जाणार. मार्चअखेर रिकामं करायचं.

विषय मी निवडला तेव्हा हे माहीत नव्हतं!

२ फेब्रुवारी, गावी
देवणीहून जीपनं आले. नवं गावठाण वर माळावर. नुसता खडक. शेषेरावकाका आमचे शेजारी — त्यांच्या बैलांना अब्बाच नाल ठोकतात. दोघं पुनर्वसनाच्या साहेबाच्या हातातला आराखडा बघत होते. शाळा आहे, मंदिर आहे, स्मशान आहे. कबरस्तान नाही.

साहेब म्हणाला, "तुमची चार तर घरं! अर्ज करा, बघू."

काका भडकले. "चार घरची मान्सं मरत न्हाईत का?"

साहेब गाडीत बसून निघून गेला.

बेगमबी दादी खाली जुन्या कबरस्तानात. आजोबांच्या कबरीवरची वाळली पानं वेचत बसते.

२४ फेब्रुवारी, नांदेड
सेमिनार झाला. हलवलेल्या लोकांचं उत्पन्न, पाणी, शाळा — सगळं मांडलं. टाळ्या! मग मागून एक मुलगी, "त्यांच्या जुन्या कबरींचं काय झालं?" मी शोधलंच नव्हतं.

३० मार्च, माळावर
घर पाडलं. दारं-चौकटी ट्रॅक्टरनं वर आणल्या. पत्र्याच्या शेडमध्ये भट्टीसारखं तापतं. दादीला ताप.

६ एप्रिल
दादी गेली.

काका धावत आले, अब्बांना म्हणाले, "मेहबूब, माझ्या नव्या प्लॉटात कोपरा देतो." मागं दोघं-तिघं कुजबुजले — आत्ताच कबरी नकोत गावात. अब्बांनी ऐकलं. मीही ऐकलं.

पण दादीनं काल माझा हात धरून सांगितलं होतं, "मेरे कू उनकेच बाजू में रखो. पानी आताय तो आन दो."

खाली नेलं. पाडलेल्या भिंतींमधून जनाजा. काकांनी खांदा दिला. आजोबांच्या शेजारी माती दिली. येत्या पावसाळ्यात तिथं पाणी असेल. मला रडूसुद्धा येईना.

१९ जून, नांदेड
अब्बांचा फोन. तलाव रद्द! भिंतीचा पायाच गळतोय, पाणी साठणार न्हाई म्हणे.

मी विचारलं, "मग परत जायचं?"

"कुठं?" अब्बा म्हणाले.