बाबांची मान

डॅव्हनपोर्ट, आयोवा
४ मार्च १९५२

ती. बाबांना,
शि. सा. न.

मार्टा मावशींचं पत्र आलं. तुमची मान इतकी आखडलीय, की ट्रॅक्टर मागे घेताना वळून बघता आलं नाही आणि कोठाराचं दार तोडलंत म्हणे! मी इथे मणक्यांचे उपचार शिकतेय आणि तुमची मान मला शेजारणीकडून कळावी? अजून रागावलाय का? एकदा या ना. आमच्या दवाखान्यात गुरुजींच्या देखरेखीखाली मीच बघीन. ओढाताण करणार नाही, शब्द देते.

बोलला नाहीत तरी माया असू द्या.
ब्लांका

विल्बर, नेब्रास्का
१२ मार्च

चि. ब्लांका,
अ. उ. आ.

दार आधीच कुजलेलं होतं. मार्टाला तिखटमीठ लावायची खोडच आहे. मला समोरचं नीट दिसतं, नांगरणीला तेवढं पुरे. कडाकडा हाडं मोडून घ्यायला मी काही कोंबडी नाही, हे तू निघालीस तेव्हाच सांगितलं होतं.

खरं सांगू? तुझी आई गेल्यापासून या मानेला कुणाचा हात लागलेला नाही. जेवणं झाली की ती खुर्चीमागे उभी राहून अंगठ्यांनी दाबायची आणि दिवसभराचं सगळं सांगायची. तिथे दुसरा हात नको वाटतो. वेळेवर जेवत जा.

तुझा हट्टी बाप

विल्बर
२० एप्रिल

चि. ब्लांका,
अ. उ. आ.

घरी सुखरूप पोचलो. न कळवता आलो म्हणून तुझी केवढी तारांबळ उडाली! आधी मानेचा एक्स-रे काढलास, मग कितीतरी वेळ बोटांनी चाचपत राहिलीस. तुझे हात गार आहेत म्हणून मी कुरकुरलो, तर तू तळवे एकमेकांवर घासलेस. अगदी आईसारखे. मी डोळे मिटून घेतले ते दुखत होतं म्हणून नव्हे, बाळ. कट्कन आवाज झाला तेव्हा दचकलो, पण उठून पळालो नाही, हे मार्टाला तूच कळव, माझं ती खरं मानायची नाही.

मान पुरती मोकळी झालेली नाही, पण रात्री कूस बदलता येते. गुरुजी म्हणाले, अधूनमधून दाखवावं लागेल. तिथवर येणं फार लांब पडतं. इथे गावात बियाण्यांच्या दुकानावरची खोली रिकामी आहे, दवाखान्याजोगी. उजेड भरपूर, जिना रुंद, म्हाताऱ्यांना चढता येईल असा. शिक्षण पुरं झाल्यावर कुठे राहायचं ते तुझं तू ठरव, माझी जबरदस्ती नाही.

किल्ली मात्र घेऊन आलोय.

वाट पाहणारा,
बाबा